बरगडीचा मुद्दा

४ फेब्रुवारी, बुधवार

दादा गेल्यानंतर आज पहिल्यांदा ड्यूटीवर. त्वचेच्या ओपीडीत नेहमीचे पेशंट, नेहमीची खाज. हाडांचे डॉक्टर आले, खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि जाताना माझं पेन घेऊन गेले. 

आजपासून रोजचं लिहून ठेवायचं. तक्रार करायची तर गोष्टी तारीखवार लागतात. भावनेच्या भरात काही लिहायचं नाही. तसा मी भावनेच्या भरात कधी येत नाही.

तक्रार आमच्याच हॉस्पिटलच्या हृदयविभागातल्या इनचार्ज सिस्टरविरुद्ध. दादा तिथेच दाखल होता; त्याचं हृदय थांबलं तेव्हा छाती दाबायला ती होती. मुद्दा पहिला: तिने दादाच्या बरगड्या मोडल्या. हे मला कुणी सांगितलेलं नाही. सगळं संपल्यावर आत सोडलं तेव्हा मी दादाच्या छातीवर हात ठेवला होता. हाताला लागलं. मुद्दा दुसरा: मॉनिटरवर सरळ रेषा असताना एकदाही शॉक दिला नाही. हे दाराच्या काचेतून मी स्वतः पाहिलं. मुद्दा तिसरा: मी डॉक्टर, सख्खा भाऊ, दादाला तपासत होतो, तरी मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

त्या वेळी मी काही बोललो नाही. पण माझी नजरच अशी होती की तिला कळायचं ते कळलं असेल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी वहिनींकडे गेलो. त्या दादाचे शर्ट घड्या घालून पिशवीत भरत होत्या आणि भरलेले पुन्हा बाहेर काढत होत्या. मी म्हटलं, वहिनी, खरं काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. बरगड्यांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, मोडल्या म्हणजे? मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छातीचा सांगाडा काढून दाखवला आणि मोडल्या असतील तिथे फुल्या मारल्या. शॉकचंही सांगितलं. शेवटी म्हटलं, "मला आत राहू दिलं असतं तर दादा आज घरी असता."

वहिनींना आधार वाटला असावा. उठून बाथरूममध्ये गेल्या. नळ बराच वेळ चालू होता. मग मी दार ओढून घेतलं आणि निघालो.

घरी आल्यावर ही म्हणाली, इतक्यात परत? मी म्हटलं, काम झालं.

९ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या साहेबांना भेटलो. हॉस्पिटल तेच चालवतात. तक्रार वाचून झाल्यावर त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. म्हणजे प्रकरणाचं गांभीर्य त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, हे तांत्रिक आहे, कमिटीकडे जाईल. पण कमिटी आधी तुम्हालाच विचारेल, की डॉक्टर, तुमचं स्वतःचं सीपीआरचं सर्टिफिकेट कधीचं आहे?

सीपीआर म्हणजे छाती दाबून माणूस परत आणायचा. हॉस्पिटलातल्या प्रत्येक डॉक्टरने दर वर्षी त्याचं ट्रेनिंग घ्यावं असा नियम आहे. मी दर वर्षी जातोच. हजेरीवर सही करतो, पहिला चहा घेतो, निघतो. परीक्षा दुपारी असते आणि दुपारी मला डुलकी लागते. त्यामुळे सर्टिफिकेट असं नाही. साहेब म्हणाले, एकदा परीक्षा देऊन टाका, मग तक्रारीला वजन येईल.

काहीच हरकत नाही. एका दुपारचं काम.

बाहेर आल्यावर कळलं, ट्रेनिंग देणारी आणि परीक्षा घेणारी तीच सिस्टर. म्हणजे आरोपीच परीक्षक. मी परत आत जाऊन आक्षेप घेणार होतो, पण तेवढ्यात लिफ्ट आली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ट्रेनिंग. कँटीनमागची खोली. पूर्वी तिथे चादरी ठेवायचे, अजून ओल्या कापडाचा वास जात नाही. जमिनीवर एक रबरी पुतळा. डोकं आणि धड, पाय नाहीत. स्टाफ त्याला जावईबापू म्हणतो, कारण तो नुसता पडून असतो आणि बाकी सगळे त्याच्यासाठी घाम गाळतात. नीट दाबलं की त्याच्या खांद्यावर हिरवा दिवा लागतो, कमी पडलं की लाल.

आधी एक फॉर्म. सीपीआर देण्याबद्दल तुम्हाला किती आत्मविश्वास आहे, दहापैकी गुण द्या. नम्रपणे नऊ लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहा. दहा दिले. मला प्रत्यक्ष अनुभव आहे. इंटर्न असताना मी एका पेशंटची छाती दाबली होती आणि तो उठून बसला होता. तो झोपला होता असं तेव्हाच्या सीनियरचं म्हणणं होतं, पण ते त्यांचं मत झालं.

लेखीत प्रश्न, मॉनिटरवर सरळ रेषा दिसली तर काय कराल? लिहिलं, शॉक देईन. असले प्रश्न डॉक्टरांना विचारतात.

मग प्रॅक्टिकल. सिस्टर म्हणाली, डॉक्टर, हा माणूस आत्ता तुमच्यासमोर कोसळलाय, सुरू करा. मी शांतपणे गुडघ्यांवर बसलो, स्टेथोस्कोप काढला आणि जावईबापूंच्या छातीवर ठेवून ऐकू लागलो. नीट ऐकायचं तर वेळ लागतो. खोली गप्प झाली. माझ्या पद्धतशीरपणाचा परिणाम असावा. मागून हाडांचे डॉक्टर म्हणाले, "काय म्हणतायत जावई? रुसलेत का?" सगळे हसले. सिस्टर हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग मी दाबायला लागलो. लाल दिवा. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "अहो त्वचावाले, मलम चोळताय का?"

नापास. पुतळा जुना आहे. पुढच्या शुक्रवारी पुन्हा परीक्षा.

लेखीतही माझं शॉकचं उत्तर चूक धरलं. सरळ रेषेला शॉक द्यायचाच नसतो म्हणे. हृदय वेडंवाकडं थरथरत असेल तर त्याला ताळ्यावर आणायला शॉक, पूर्ण थांबलेल्याला त्याचा उपयोग नाही, तिथे दाबत राहायचं. स्वतःच्या बचावासाठी तिने हे तयार ठेवलेलं दिसतं.

आणखी एक लक्षात आलं. ज्यांनी आत्मविश्वासाला भरघोस गुण दिले होते तेच जास्त करून नापास झाले. हाडांच्या डॉक्टरांनी स्वतःला चार दिले होते, ते पास. यावरून परीक्षेचा दर्जा कळतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लायब्ररीत जाऊन नवं पुस्तक पाहिलं. सरळ रेषेला शॉक नाही, असंच छापलंय. त्याची जुनी आवृत्ती काढायला लावली. तेच. घरी येऊन माळ्यावरून माझं कॉलेजातलं पुस्तक उतरवलं. तिथेही तेच, आणि शेजारी माझ्याच अक्षरात पेन्सिलने लिहिलंय, 'फार महत्त्वाचं'.

इतक्या वर्षांत एकालाही ही चूक दुरुस्त करावीशी वाटली नाही.

दुसरा मुद्दा तूर्त बाजूला ठेवतो. पहिला भक्कम आहे. बरगडी ती बरगडी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

घरी सराव. आधी सोफ्यावर. ही म्हणाली, माझ्या माहेरचा सोफा आहे, त्याने तुमचं काय वाकडं केलंय? मग गादीवर. गादी फार मऊ, दाबलं की मीच आत. शेवटी जमिनीवर लोड ठेवून बसलो. थोडं दाबलं आणि कंबरेत उसण भरली. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मेलेल्याला उठवायच्या आधी स्वतः उठून दाखवा."

मी उत्तर दिलं नाही. उठताही आलं नाही.

हाडांच्या डॉक्टरांना फोन करावा लागला. त्यांनी कंबरेचा पट्टा पाठवला. कशाने भरली विचारत होते. म्हटलं, सामान हलवत होतो. म्हणाले, हो, जावई जडच असतात.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक महत्त्वाची घटना. ओपीडीत एक धट्टाकट्टा तरुण हातावरची चामखीळ काढायला आला होता. सुई पाहिली आणि स्टुलावरून खाली. मी क्षणाचाही विलंब न लावता छाती दाबायला सुरुवात केली. चौथ्या दाबाला तो ओरडला, "अहो डॉक्टर, चामखीळ हाताला आहे."

शुद्धीवर आला. वाचला.

नर्स म्हणाली, सर, त्याला नुसती चक्कर आली होती, श्वास चालू होता. माझ्या उपायाने चालू झाला असेल, हे तिच्या डोक्यात येत नाही. त्याची तक्रार नको म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवला. त्यांनी तपासून सांगितलं, काही मोडलेलं नाही.

हेच मला हवं होतं. बरगडी न मोडता माणूस परत आणता येतो. मी आणला. उद्याच्या परीक्षेत हे सगळ्यांसमोर सिद्ध करायचं आणि सोमवारी तक्रार कमिटीपुढे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ठरवल्याप्रमाणे मुद्दाम हळू दाबलं. लाल दिवा. सिस्टर म्हणाली, डॉक्टर, आणखी खाली. मी ऐकू न आल्यासारखं केलं. ती म्हणाली, पाच सेंटीमीटर तरी छाती खाली गेली पाहिजे, नाहीतर रक्त मेंदूपर्यंत पोचत नाही. मग बाकीच्यांकडे वळली आणि सांगू लागली की वयस्कर माणसाच्या बरगड्या पुष्कळदा मोडतात, नीट दाबलं तरी मोडतात. आवाज येतो, हाताला कळतं. हात जागेवर आहेत ना बघायचं आणि चालू ठेवायचं. "बरगडी काही आठवड्यांत बरी होते," ती म्हणाली. "आपण घाबरून थांबलो तर पुढे बरं व्हायला कुणी उरत नाही."

हाडांचे डॉक्टर मान डोलवत होते. ते डोलवणारच. बरगड्या मोडल्या तर त्यांच्याकडे गिऱ्हाईक.

हे सगळं मला ऐकवायला चाललं होतं. शेवटपर्यंत हळूच दाबत राहिलो. नापास झालो, पण तत्त्वासाठी.

२२ फेब्रुवारी, रविवार

ही सकाळी वहिनींकडे जाऊन आली. आल्यावर पर्स न ठेवताच माझ्यासमोर उभी राहिली. वहिनी नीट जेवत नाहीत म्हणे. कुशीवर झोपवत नाही, कुशीवर वळलं की हात स्वतःच्या बरगड्यांवर जातो. वर्तमानपत्राचा तो तुकडा, माझ्या फुल्यांचा, उशीखाली ठेवलाय. मला आत राहू दिलं असतं तर दादा वाचला असता, हे हिला त्यांनी दोनदा सांगितलं.

हिने विचारलं, काय सांगून आलात तुम्ही त्यांना? मी म्हटलं, खरं ते. ती म्हणाली, तुम्हाला ते ठाऊक होतं की नुसतं वाटत होतं?

शास्त्रीय गोष्टी घरात समजावून सांगणं अवघड असतं. मी पेपर उघडून वाचत बसलो. कालचा होता, पण तिच्या लक्षात आलं नसावं.

सोमवारची तक्रार आठवडाभर पुढे ढकलतोय. सर्टिफिकेटसाठी.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी तिसऱ्या मजल्यावर एक पेशंट बघायला गेलो. हृदयविभागाबाहेरच्या बाकावर वहिनी बसलेल्या. शेजारी सिस्टर. मी पाण्याच्या कूलरमागे थांबलो. लपलो नाही, तहान लागली होती. सिस्टरने वहिनींचा हात हातात घेतला आणि स्वतःच्या छातीवर मधोमध ठेवून त्यांना काहीतरी दाखवलं. कुठे दाबतात, कसं दाबतात. वहिनी काही विचारत होत्या, ती सांगत होती. मग दोघी नुसत्याच बसून राहिल्या.

साक्षीदारावर दबाव आणण्याचा प्रकार. लिहून ठेवतोय.

खाली ओपीडीत आलो. थोड्या वेळाने शिपायाने नंबर पुकारला आणि वहिनी आत आल्या. नंबर लावून आल्या होत्या, नायटेवाले आणि कोंडेवाले यांच्या रांगेत बसून. पेशंटच्या स्टुलावर बसल्या. मी विचारलं, काय होतंय? सवयीने तोंडातून गेलं.

त्यांनी आवाज चढवला नाही. दाराकडे बघितलं, शिपाई बाहेर गेल्यावर म्हणाल्या, "भावोजी, नीट दाबलं तरी बरगड्या मोडतात, असं त्या सिस्टर सांगतात. तुम्हाला हे माहीत नव्हतं, की माहीत असून मला तसं सांगितलंत?"

प्रश्नाची रचनाच चुकीची. दोन्ही उत्तरं माझ्याच विरुद्ध जाणारी. मी म्हटलं, बघतो. त्या आणखी थोडा वेळ बसल्या. मग शिपायाने पुढचा नंबर पुकारला आणि त्या उठल्या.

उरलेले पेशंट पाहिले. कुणाला काय लिहून दिलं, आठवत नाही. मलमं होती, त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सिस्टरना निरोप पाठवला की गर्दी नको, मी एकटा परीक्षा देईन. त्या म्हणाल्या, ओपीडी संपली की या.

पट्टा बांधून गेलो. खोलीत आम्ही दोघं आणि जावईबापू. हात जागेवर ठेवले, कोपरं ताठ केली, दाबलं. लाल. आणखी जोर लावला. लाल. मग अंगाचं सगळं वजन टाकलं तेव्हा पुतळ्याच्या आत कट्ट असा आवाज झाला आणि मी हात काढून घेतले. त्या म्हणाल्या, तो आवाज पुरेसं दाबल्याचा आहे डॉक्टर, थांबू नका. पुन्हा सुरू केलं. हिरवा. हिरवाच राहिला. दंड भरून आले, घाम डोळ्यांत उतरला, पट्टा सुटून बाजूला पडला. त्या म्हणाल्या, झालं, थांबा आता. मला थांबता येईना. शेवटी त्यांनी माझी मनगटं धरून हात बाजूला केले.

मग मी विचारलं. तक्रारीसाठी विचारायलाच हवं होतं. त्या दिवशी मला बाहेर का काढलंत?

त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी घेईपर्यंत थांबल्या. "तुम्ही दादांच्या छातीवर स्टेथोस्कोप धरून उभे होतात. हाक मारली तरी हलत नव्हतात. आम्हाला दाबायला जागा नव्हती."

मग सांगितलं की तो फार वेळ नव्हता. पुढे चौघांनी आळीपाळीने दाबलं, औषधं दिली, सगळं केलं, रेषा हलली नाही. तुमच्यामुळे काही झालं असं मनात आणू नका. वहिनींना यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

म्हणजे यांनी मला परस्पर माफ करून टाकलं. तो अधिकार यांना कुणी दिला? याचाही मुद्दा करता येईल.

पास झालो. सर्टिफिकेट खिशात आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. म्हणाले, अभिनंदन, आता तुमची तक्रार कमिटीकडे पाठवू ना? मी म्हटलं, मुद्दे थोडे कमी झालेत. त्यांनी विचारलं, किती उरले? मी म्हटलं, तसा एकही नाही.

साहेबांनी कागद परत दिला. मी मागितला नव्हता.

हाडांचे डॉक्टर लिफ्टपाशी भेटले. पट्टा परत हवा होता. काही चेष्टा केली नाही. तेच जास्त लागलं.

१ मार्च, रविवार

वहिनींकडे गेलो. ही म्हणाली, मी येऊ का बरोबर? नको म्हटलं. जिना चढताना ठरवलं की आधी या विषयात नवीन काय काय बदललंय ते सांगायचं, मग बोलण्याच्या ओघात आपलं. वहिनींनी दार उघडलं आणि मी चप्पल न काढताच म्हटलं, "वहिनी, मला माहीत नव्हतं."

त्या म्हणाल्या, आत या.

बसलो. दादाच्या छातीवर मीच स्टेथोस्कोप धरून उभा होतो आणि म्हणून मला बाहेर काढलं, हेही सांगितलं. का धरला होता, त्यांनी विचारलं. म्हटलं, ऐकू येतंय का बघत होतो.

मला वाटलं, आता जा म्हणतील. मी उठायच्या तयारीत बसलो.

मग त्यांनी विचारलं, "ह्यांना दुखलं का हो, भावोजी?"

मी म्हटलं, नाही. हृदय थांबलं की काही क्षणांत शुद्ध जाते. नंतरचं त्याला काही कळलेलं नाही. छाती दाबली ते नाही, बरगड्या मोडल्या तेही नाही.

त्या म्हणाल्या, नक्की?

नक्की म्हटलं.

वहिनी रडायला लागल्या. दादा गेल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या, असं ही मला नंतर म्हणाली. मी समोर बसून राहिलो. काही वेळाने त्यांनी उठून तोंड धुतलं आणि चहा ठेवला.

एवढं मला खरंच माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगायचं राहिलं.